पाण्याचा रकाना

इतागुआ, सोमवार, ११ जुलै १९९४

प्रिय नेलिदा,

ब्युनोस आयर्सच्या बसनं तू पाठवलेलं खोकं शनिवारी मिळालं. आत निघालं ते असं: लिथियमच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या, प्रत्येकी शंभर, सीलबंद. निळा स्वेटर एक, बाह्या लांब. सुयांचं पाकीट एक. तुझ्या इस्पितळाचा छापील कागद एक. बसवाल्यांनी साडेआठ हजार ग्वारानी घेतले, राजधानीला जाण्यायेण्याचं भाडं बाराशे, हमालाला काही नाही, खोकं मीच डोक्यावर घेतलं. पत्र नाही. खोक्याच्या तळाचा पुठ्ठासुद्धा उचलून पाहिला.

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, नेलिदा. मेपासून हे तिसरं खोकं. सुनिल्दाला गोळ्या लागतात असं मी कळवलं आणि तू त्या पाठवायला लागलीस, त्याबद्दल कुमारी मातेपुढे रोज तुझ्या नावाची मेणबत्ती लावते. पण छापील कागद पाठवायचा आणि स्वतःच्या हातची एक ओळ नाही, म्हणजे मी तुझी थोरली बहीण आहे की तुझ्या वॉर्डातली आया? तुझ्या वेण्या मी घातल्यात.

कागदात लिहिलंय तसं सगळं बघते. वहीत रकाने आखलेत: हात, तहान, उलटी, जुलाब, चाल, बोलणं, झोप, वजन. सकाळी न्याहारीआधी आणि संध्याकाळी जपमाळेनंतर पोरीला समोर उभी करून बघते. परवा म्हणाली, "आई, तू माझ्याकडे बघतेस की चुलीवरच्या दुधाकडे? मी उतू जात नाहीये." तेरा वर्षांची आहे, पण जीभ तुझ्यावर गेलीय.

उतू जात नाही हे खरं, आणि ते गोळ्यांमुळेच, हे मी कबूल करते. गेल्या ऑक्टोबरात काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. सहा दिवस झोपली नाही. शेजारपाजाऱ्यांना बापाची हत्यारं वाटून टाकली. सातव्या दिवशी हमरस्त्याच्या मधोमध उभी राहून गाड्यांना आशीर्वाद देत होती. एका दुधाच्या ट्रकनं ब्रेक मारला म्हणून आज ती आहे. तिचा बाप सेल्सो तेव्हाही दूर चाकोच्या रानात ट्रक घेऊन गेला होता, आजही तिकडेच आहे.

आता शाळेत जाते, झोपते, भांडते. मी नवस बोलले आहे: सात ऑक्टोबरच्या उत्सवापर्यंत पोर शुद्धीवर राहिली, तर मातेच्या झग्याची किनार तिच्याच हातची. पेरूच्या फुलाच्या नमुन्याची पट्टी विणायला घेतलीय, रोज जाळीचं एक गोल चाक. चौकटीवर ताणलेल्या कापडावर तिच्या बोटांतून ते कोळ्याचं जाळं उतरताना पाहिलं की मला आपली आई दिसते.

तक्रार एकच. पोर फुगलीय. चार किलो वाढली, बूट होईनात. पाला विकणारी म्हातारी न्या पाब्ला तुला आठवत असेल, अजून त्याच कोपऱ्यावर बसते. तिनं सुनीच्या पायाला बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "पोरीत पाणी साठलंय." ते घरचं आहे, मी बघते. तू त्यात पडू नकोस.

तुझी बहीण,
दिओलिंदा


इतागुआ, बुधवार, ३ ऑगस्ट १९९४

प्रिय नेलिदा,

मी पाठवलेल्या पत्राला उत्तर म्हणून औषधाच्या दुकानाची चिठ्ठी आली, पाठीवर पेन्सिलीनं दोन प्रश्न. ("हात थरथरतात का? आणखी काही देतेस का?") याला तू पत्र म्हणत असशील तर म्हण.

पहिल्याचं उत्तर: हो. अठरा जुलैपासून. आधी कपबशी वाजायची, तेवढंच. आता सुईत दोरा ओवायला मला बोलावते. किनारीचं सत्रावं चाक इतकं वेडंवाकडं झालंय की नमुना ओळखू येत नाही. ती उसवू म्हणाली, मी उसवू दिलं नाही, सूत फुकट येत नाही. तहानही भयंकर. सकाळची घागर दहा वाजता रिकामी, मग दुसरी. लघवीला जाते म्हणून शाळेतल्या बाई कुरकुरतात. त्यांना सांगितलं, "बाई, तुम्ही तिला धडा शिकवा, परसाकडचं मी बघते."

दुसऱ्याचं उत्तर: नाही. आणखी कोणतंही औषध देत नाही. गोळी सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर, माझ्या समोर, जीभ उचलून दाखवायची. मी देवाला भिते, नेलिदा, आणि मॅट्रिकपर्यंत शिकलेली आहे. मला तीनपर्यंत मोजता येतं.

आता तू सांग. हे थरथरणं कशाचं? गोळ्यांचं. गोळ्या कुणाच्या? मी राजधानीत सुनीच्या डॉक्टरांना, फ्रेतेसना, विचारायला गेले तर म्हणाले, "थोडं चालतं, बाई. वाढलं तर या, रक्त तपासू." थोडं म्हणजे किती? त्यांच्या थोड्याला माप नाही. माझ्या वहीत आहे: कपबशी, सुई, चमचा. चमच्यापर्यंत आलं की मी थांबणार नाही.

मधल्या पाच दिवसांत, सत्तावीस ते एकतीस जुलै, ती पिरायूला तिच्या धर्ममातेकडे, मार्सियानाकडे होती. मार्सियाना म्हणते तिथे काही त्रास नव्हता. गोळ्या वेळेवर दिल्या, शपथ घेऊन सांगते. परक्याच्या घरी सगळ्यांचीच मुलं गुणी. घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी पुन्हा कपबशी वाजली. मला वाटतं, पोर माझ्याच धास्तीनं थरथरते.

तू याच घरात जन्मलीस, पण इथे काय चाललंय ते चिठ्ठीच्या पाठीवरून कळत नाही. लिहायचं तर लिही.

दिओलिंदा


इतागुआ, सोमवार, २२ ऑगस्ट १९९४

नेलिदा,

झालं तुझ्या मनासारखं.

गुरुवारी सकाळी उलट्या, मग जुलाब. शुक्रवारी उठली तर बदकासारखी चालत होती, पाय फेंगडे टाकत. "आई" म्हणायला गेली तर जीभ अडकली. अंगणातल्या लिंबाला धरून उभी राहिली आणि हसायला लागली, म्हणाली, "आई, सगळे रकाने भरले बघ." भाड्याची गाडी केली. किती पडले ते लिहीत नाही.

रक्त काढलं. आकडा एक पूर्णांक आठ. एकाच्या आसपास हवा म्हणे, दीडच्या वर विष. सलाईन लावलं, दोन दिवस ठेवलं. डॉक्टर फ्रेतेसनी विचारलं, "गोळ्या जास्त घेतल्या का?" वही पुढे केली. त्यांनी पानन् पान पाहिलं, म्हणाले, "बाई, माझ्या नर्सासुद्धा असं लिहीत नाहीत." मग विचारलं, "दुसरं काही औषध?" मी म्हटलं, "नाही." "ताप, उन्हात फिरणं, मीठ तोडणं?" "नाही."

तेव्हा ते म्हणाले, "मग हे औषध हिला सोसतच नाही. तीन गोळ्यांत हा आकडा म्हणजे हिच्या मूत्रपिंडाचा भरवसा नाही. बंद. पुन्हा द्यायचं नाही." कागदावर लाल शाईनं लिहून दिलं.

ऐकलंस? विष होतं. मी पहिल्यापासून म्हणत होते. घरी आल्याबरोबर उरलेल्या एकशे बहात्तर गोळ्या संडासात ओतल्या, वर राख टाकली. आयुष्यात मी शिळी भाकरी टाकली नाही, पण त्या टाकताना हात आखडला नाही.

आई गेली त्या आठवड्यात, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर तू काय म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "हिनं आईला जपमाळेनं आणि पाल्यानं मारलं." सातव्या दिवशी पिशवी उचलून निघून गेलीस. मी काय केलं ते देव जाणे. तू पाठवलेल्या गोळ्यांनी काय केलं ते रक्तात आलंय, आकड्यात आलंय, लाल शाईत आलंय.

आता खोकी पाठवू नकोस.

दिओलिंदा


इतागुआ, शुक्रवार, ९ सप्टेंबर १९९४

नेलिदा,

तू पाठवलेली तार मिळाली. "अजून काय देतेस ते लिही." तारेचा एक एक शब्द पैसे घेतो, तरी तू पुन्हा तोच प्रश्न विचारलास. रागानं तार जपमाळेच्या डबीत ठेवून दिली होती. आज लिहिते आहे, कारण लिहायला दुसरं कुणी नाही.

पोरीचे हात स्थिर आहेत. त्याला काही अर्थ नाही. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, थेंब. त्यानं चौथ्या दिवशी मान डावीकडे वळली ती वळलीच, जबडा आवळला, लाळ गळायला लागली. इंजेक्शन देऊन सोडवली. थेंब निम्मे केले, तर आता झोप गेली. दोन तास झोपते. पहाटे उठून अंगण झाडते, शेजाऱ्यांचंही झाडते. मंगळवारी पाच कोंबड्या रस्त्यावरच्या बाईला दिल्या, अंड्यावर बसलेल्या. मी ओरडले तर म्हणाली, "आई, तू हिशेब कर, मी दान करते, स्वर्गात दोघींचं जमेल." बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं पोर बरी झाली. मला माहीत आहे यापुढे काय असतं. हमरस्ता आमच्या दारापासून दोनशे पावलांवर आहे. मी फाटकाला कुलूप घालते आणि किल्ली गळ्यात घालून प्रार्थनेला बसते. आईही अशीच झोपेविना फिरायची, तेव्हा तिच्या खोलीलाही मीच कुलूप घालायचे.

आता जे सांगायचं ते.

किनार पूर्ण झाली नाही, पण काल चौकटीतून कापड सोडवलं. जेवढी झाली तेवढी धुऊन, मांडिओका कंदाची खळ देऊन उन्हात ताणली. एक्केचाळीस चाकं. वहीतल्या तारखा काढल्या आणि एकेका चाकाशी लावून पाहिल्या. पहिली सोळा चाकं जशी आई विणायची तशी. सत्रावं बिघडलं, त्यापुढे बिघडतच गेलं. मग मधेच पाच चाकं, शहाण्यासारखी, एक दोरा इकडचा तिकडे नाही. नंतर पुन्हा विस्कटलं, शेवटी तर नुसता गुंता. ती पाच चाकं पिरायूची.

गोळ्या त्याच, वेळा त्याच. पोरीला विचारलं, "मार्सियानाकडे काय वेगळं होतं गं?"

"काही नाही. गाद्या वाईट होत्या."

"खायला?"

"तेच, मक्याची भाकरी, चीज. तेरेरेच्या थंड चहात मात्र ती पुदिना घालते. तुझ्यासारखं ते शेवाळ नाही."

नेलिदा, त्या शेवाळाचं नाव घोडशेपूट. नऊ जुलैला न्या पाब्लानं सांगितलं, मी त्याच दिवशी सुरू केलं. आधी चिमूट, पोरीच्या पायांवरची सूज उतरेना म्हणून मूठ, ऑगस्टात दोन मुठी. उखळात कुटायची आणि तेरेरेच्या थंड पाण्यात टाकायची. साठलेलं पाणी काढून टाकते ती, म्हणूनच दिली. गोळीनं तहान लागायची, तहान लागली की पोर त्याच घागरीकडे जायची. मी भरभरून ठेवायचे आणि वहीत लिहायचे, "तहान: फार."

तू विचारलंस, मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हटलं. पहिल्यांदा खोटं नव्हतं. तेरेरेतल्या पाल्याला या गावात औषध कोण म्हणतं? ते पाणी असतं. पण डॉक्टरांनी उन्हाचं विचारलं, मिठाचं विचारलं, तेव्हा घागर माझ्या डोळ्यांपुढे आली होती. मी गप्प बसले. तुझं म्हणणं खरं ठरेल म्हणून गप्प बसले.

न्या पाब्लाकडे गेले. तिला म्हटलं, "तू मला ही काय दिलीस?" ती म्हणाली, "पाणी निघालं ना? मग? गोळ्या चालू आहेत हे तू मला सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. तुला पाला सांगितला नाही, तिला गोळ्या सांगितल्या नाहीत. दोघींच्या मधे पोर.

हे पत्र आज टाकवणार नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन येते.


शनिवार, २४ सप्टेंबर

दोनदा गेले आणि दोनदा बाकावरून उठून परत आले. पहिल्यांदा गर्दी होती. दुसऱ्यांदा नव्हती.

परवा सुनीला बरोबर घेतलं, तिला घरी ठेवता येत नाही म्हणून. बाकावर ती माझ्या मांडीवर ताल धरत होती. म्हटलं, "सुनी, तू सांगशील का गं डॉक्टरांना पाण्याचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या बडबडीत एक क्षण माझी शहाणी पोर दिसली. म्हणाली, "तूच सांग, आई. मी सांगितलं तर ते त्याला माझं वेड समजतील."

मग गेले. उभ्या उभ्या सांगितलं. पट्टी त्यांच्या टेबलावर पसरली, चाकांवर तारखांच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. डॉक्टर वाकून बघत राहिले. बोट पाच चाकांवर थांबलं.

"बाई, मी तुम्हाला विचारलं होतं."

"तुम्ही औषध विचारलंत, डॉक्टर. हे पाणी."

"दिवसाला किती?"

"दोन घागरी."

त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाले, "पाला अंगातलं पाणी काढतो आणि गोळी रक्तात साठत जाते." त्यांच्या टेबलाशी त्यांचाही थर्मास होता, शेजारी शिंगाचा पेला, पेल्याच्या काठाला पुदिन्याचं पान चिकटलेलं. दोघांचीही नजर एकाच वेळी तिकडे गेली. ते म्हणाले, "मी पाणी विचारायला हवं होतं. पण तुम्हीही, बाई, इतके दिवस वाट बघायची नव्हती." लागलं मला. लागायलाच हवं होतं.

मूत्रपिंडाची तपासणी केली, काल निकाल आला. चांगली आहेत, मातेची कृपा. लाल शाईतलं त्यांनी खोडलं आणि शेजारी सही केली. पुन्हा लिथियम सुरू करायचं, आता दोनच गोळ्या, दर आठवड्याला रक्त. पाला कोणताही नाही, पुदिनासुद्धा त्यांना विचारून.

पण गोळ्या नाहीत. राजधानीतली सहा दुकानं फिरले. इथे माल नोव्हेंबरात येईल म्हणतात. एकशे बहात्तर माझ्या संडासात राखेखाली आहेत. तोवर थेंबांवर भागवायचं, आणि थेंब पुरत नाहीत. काल तिनं फाटकाच्या गजांमधून स्वतःचे बूट कुणाला तरी देऊन टाकले. दिवसभर मी तिच्या मनगटाला माझ्या एप्रनच्या बंदाची गाठ मारून काम करते. ती हसते आणि मला ओढून नेते. सेल्सोला निरोप पाठवलाय, तो येईल तेव्हा येईल. सात तारखेचा उत्सव तोंडावर आहे. मातेला किनार अर्धीच जाईल, बिघडलेल्या चाकांसकट. नवस मी बोलले, चूक मी केली, तिनं समजून घ्यावं.

म्हणून मागते आहे. मी तुला खोकी पाठवू नकोस म्हटलं होतं, ते परत घेते. दोनशे गोळ्या पाठव, पहिल्या मिळेल त्या बसनं. गाडीचा नंबर तारेनं कळव, मी राजधानीच्या थांब्यावर उभी राहीन. पैसे सोबतच्या लिफाफ्यात आहेत. कमी पडले तर सांग, झाकायचं नाही.

वहीत आता नववा रकाना आखलाय: पाणी. कोणतं, किती, त्यात काय. कुणी काही दिलं तर आधी त्यात लिहिते, मग पोरीला देते. बिघडलेल्या चाकांतलं एक आणि पिरायूचं एक, दोन्ही कापून या पत्रात घातलीत. तू नर्स आहेस, आकड्यांपेक्षा तुला हातावरून जास्त कळेल.

आणखी एक, आणि हे विचारायला अकरा वर्षं लागली. आईला तू शेवटच्या वर्षी डॉक्टरांकडून कसल्या तरी गोळ्या आणून दिल्या होत्यास. ती त्या घेत होती, मला दिसायचं. तेव्हाही घागर मीच भरत होते, आणि तेव्हाही तिचे पाय सुजले होते म्हणून न्या पाब्लाचा पाला होता. कोणता, किती, हे लिहिलेलं नाही, तेव्हा रकाने नव्हते. तिच्याही हातातून शेवटी सुई गळायची. मी ते म्हातारपण समजले.

त्या गोळ्या कसल्या होत्या, नेलिदा? त्याच होत्या का? तुला माहीत आहे. गोळ्यांच्या खोक्यात या वेळी छापील कागद नको. तुझ्या हातानं लिही, हो किंवा नाही, जे असेल ते. परतीच्या टपालानं कळव.

दिओलिंदा